गेम कन्सोलला बाहेरची हार्ड डिस्क जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या भागातून हार्ड डिस्कबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. मेनूची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. नवी हार्ड डिस्क आणली. कन्सोलला लावायच्या आधी कॉम्प्युटरवर फॉर्मेट मारून घ्यायची काय?

नको. निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. गेम ठेवायच्या डिस्कला प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स आपापला वेगळा फॉर्मेट देतात. कॉम्प्युटरवर तुम्ही एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२ काहीही करून आणलं तरी कन्सोल ते पुसून आपलंच करतो. दुकानदार ‘फॉर्मेट करून देतो’ म्हणून वेगळे पैसे सांगत असेल तर देऊ नका.

अपवाद दोन. डिस्कवर फक्त पिक्चर-गाणी ठेवायची असतील (प्रश्न १४), किंवा कन्सोल डिस्क ओळखतच नसेल (प्रश्न ९).

२. कुठली डिस्क घेऊ? किती टीबीची?

पीएस४ आणि पीएस५ (प्लेस्टेशन ४ आणि ५) ला किमान २५० जीबी आणि जास्तीत जास्त ८ टीबी चालते. एक्सबॉक्स वनसाठी किमान २५६ जीबी धरून चला. तिन्हींना यूएसबी ३.० किंवा त्यापुढची डिस्क लागते. पीएस४ वर एक मोठा गेम ५० ते १०० जीबी खातो, त्यामुळे १ टीबीत दहा-पंधरा गेम बसतात. बहुतेकांना १ किंवा २ टीबी पुरते.

अडीच इंची डिस्क म्हणजे खिशात मावणारी. ती यूएसबीवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, म्हणजे करंट जाण्याची आणखी एक जागा. पावसाळ्यात आपल्याकडे, खासकरून खानापूर बाजूला, दिवसातून चार वेळा लाइट ये-जा करते. अशा ठिकाणी अडीच इंचीच घ्यावी.

साधी डिस्क की एसएसडी (आत फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी डिस्क)? पीएस४ चे गेम यूएसबी एसएसडीवरून लवकर लोड होतात, फरक डोळ्याला दिसतो. पैसे बेताचे असतील तर साधी डिस्कही चालते. पेन ड्राइव्हवर गेम ठेवू नका. सतत वाचन-लेखन झालं की तो तापतो आणि लवकर मरतो.

आणि एक. हजार-बाराशे रुपयांत ‘१६ टीबी’ अशी जाहिरात दिसली तर पुढे जा. त्यात आत कमी जागेचं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. अशी डिस्क घेऊन बसलाच असाल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतं आणि खरी जागा सांगतं. बेळगावात घ्या नाहीतर कोल्हापुरात, जीएसटीचं बिल घ्या. वॉरंटीला तेच लागतं.

३. डिस्कमध्ये लग्नाचे फोटो आहेत. अर्ध्या भागात गेम आणि अर्ध्या भागात फोटो असं होईल काय?

होणार नाही. पीएस४ आणि पीएस५ पूर्ण डिस्क पुसून आपल्या ताब्यात घेतात. कॉम्प्युटरवर दोन भाग पाडून नेले तरी दोन्ही जातात. फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा, कॉपी उघडून बघा, मगच डिस्क कन्सोलला लावा. चुकून फॉर्मेट झालंच तर डिस्क लगेच काढून ठेवा. तिच्यावर एकही गेम टाकू नका. नवं लिहिलं गेलं नसेल तरच रिकव्हरीला काही हाती लागतं.

४. पीएस४ ला स्टेप बाय स्टेप सांगा.

सिस्टिम सॉफ्टवेअर ४.५० किंवा नंतरचं हवं. ते मार्च २०१७ मध्ये आलं, त्याआधी ही सोयच नव्हती. जुना कन्सोल सेकंडहँड घेतला असेल तर आधी अपडेट करा. डिस्क थेट कन्सोलच्या पोर्टला लावा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिव्हायसेस’, त्यात ‘यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस’ उघडा. डिस्कचं नाव निवडा आणि ‘फॉर्मेट ॲज एक्स्टेंडेड स्टोरेज’ दाबा. दोन-तीनदा खात्री विचारतो. साधारण मिनिटभरात काम संपतं.

यानंतर नवे गेम आपोआप त्याच डिस्कवर जाऊ लागतात. ते नको असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन कंट्रोलरचं ‘ऑप्शन्स’ बटण दाबा आणि ‘ॲप्लिकेशन इन्स्टॉल लोकेशन’ बदला. आतले जुने गेम बाहेर न्यायचे तर ‘स्टोरेज’, ‘सिस्टिम स्टोरेज’, ‘ॲप्लिकेशन्स’, परत ‘ऑप्शन्स’, मग ‘मूव्ह टू एक्स्टेंडेड स्टोरेज’. साध्या डिस्कवर १०० जीबी हलवायला अर्धा तास धरा. तेवढ्या वेळात कन्सोल बंद करू नका.

५. पीएस५ ला तीच डिस्क लावली तर ‘चालत नाही’ म्हणतो. डिस्क तर चांगली आहे.

बहुतेक वेळा पोर्ट चुकलेला असतो. पहिल्या पीएस५ ला पुढे दोन पोर्ट आहेत, एक चौकोनी आणि एक बारका टाइप-सी. त्यातला चौकोनी पोर्ट जुन्या यूएसबी २.० वेगाचा आहे. कंट्रोलर चार्ज करायला तो ठीक, पण गेमच्या डिस्कला नाही. माणूस मात्र जवळचा म्हणून नेमकं तिथेच खुपसतो. डिस्क मागच्या दोन चौकोनी पोर्टपैकी एकाला लावा. नव्या बारीक पीएस५ लाही मागचे पोर्टच वापरा, म्हणजे पुढचा कुठला वेगवान हे शोधत बसायला नको.

फॉर्मेटसाठी ‘सेटिंग्ज’, ‘स्टोरेज’, ‘यूएसबी एक्स्टेंडेड स्टोरेज’, मग ‘फॉर्मेट ॲज यूएसबी एक्स्टेंडेड स्टोरेज’. डिस्क आधी पीएस४ वर वापरलेली असेल तर परत फॉर्मेट करूच नका. तशीच पीएस५ ला लावा, पीएस४ चे गेम आहेत तसे दिसतात.

६. पीएस५ चे गेम बाहेरच्या डिस्कवरून खेळता येतात काय?

ठेवता येतात, खेळता येत नाहीत. ठेवायची सोय एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून आली. खेळायचा झाला की गेम परत आत कॉपी करावा लागतो, पण तो डाउनलोडपेक्षा कितीतरी लवकर होतो. पीएस४ चे गेम मात्र पीएस५ वर बाहेरच्या डिस्कवरून सरळ चालतात. म्हणून जुने गेम बाहेर आणि आतली जागा नव्यांना, अशी वाटणी सगळ्यात सोयीची.

खेळण्यासाठीच जागा वाढवायची असेल तर आतल्या खाचेत एम.२ एसएसडी (पट्टीसारखी बारकी एसएसडी) बसवा. तिला पीसीआयई जेन ४ (जोडणीची पिढी), हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) आणि सोनीने सुचवलेला ५,५०० एमबी प्रति सेकंद वाचन-वेग हे तिन्ही बघून घ्या. हीटसिंक नसलेली स्वस्तात मिळते, मग हीटसिंक वेगळी शोधत फिरावं लागतं.

७. एक्सबॉक्सला कसं करायचं?

डिस्क लावली की एक्सबॉक्स स्वतःच विचारतो, गेमसाठी वापरायची की मीडियासाठी. गेमसाठी म्हणालात तर फॉर्मेट होते, मीडिया म्हणालात तर आतला डेटा तसाच राहतो. घाईत ए बटण दाबत सुटू नका, फोटो जातात ते इथेच. तो प्रश्न आलाच नाही तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, आणि त्यातलं स्टोरेजचं पान उघडा.

सीरिज एक्स आणि सीरिज एस यांच्यासाठी खास बनलेले गेम यूएसबी डिस्कवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत. त्याला मागच्या खाचेत बसणारं एक्स्पान्शन कार्ड लागतं. एक्सबॉक्स वन आणि त्याआधीचे चालणारे जुने गेम यूएसबीवरून खेळता येतात.

एक्सबॉक्सची किंवा प्लेस्टेशनची डिस्क चुकून कॉम्प्युटरला लावली तर विंडोज लगेच ‘फॉर्मेट करायची का?’ विचारतं. तिथे ‘कॅन्सल’. डिस्क बिघडलेली नसते, विंडोजला ती वाचता येत नसते एवढंच.

८. डिस्क खराब झाली तर माझी गेममधली प्रगती जाणार काय?

जाणार नाही. प्लेस्टेशनचा सेव्ह डेटा बाहेरच्या डिस्कवर जातच नाही, तो कन्सोलच्या आतच राहतो. डिस्क मेली तर फक्त गेम परत डाउनलोड करायचे. उलट बाजूही ध्यानात घ्या. डिस्क शाबूत पण कन्सोल मेला तर गेम राहतील आणि सेव्ह जातील.

म्हणून सेव्हची वेगळी कॉपी ठेवा. पीएस४ वर ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’मधून पेन ड्राइव्हवर कॉपी होते. हा पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट हवा, गेमची डिस्क त्याला चालत नाही. पीएस५ च्या गेमचे सेव्ह असे एकेक करून पेन ड्राइव्हवर जात नाहीत. त्याला पीएस प्लसचं (सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचं) क्लाउड किंवा ‘बॅक अप अँड रिस्टोअर’मधून सगळ्या कन्सोलचा बॅकअप, हे दोनच मार्ग. एक्सबॉक्सचे सेव्ह नेट असेल तर आपोआप क्लाउडवर जातात, त्याला वेगळे पैसे नाहीत.

९. डिस्क लावली, दिवा लागतो, पण कन्सोलवर दिसना. काय करायचं?

या क्रमाने बघा. बहुतेकांचं काम पहिल्या दोनात होतं.

आधी केबल. अडीच इंची डिस्कचा सॉकेट बघा. रुंद, चपटा, दोन भाग शेजारी जोडल्यासारखा दिसतो. त्यातल्या मोठ्या भागात फोनची साधी मायक्रो-यूएसबी केबल नीट बसते. डिस्क फिरते, दिवाही लागतो. पण ती केबल यूएसबी २.० ची, त्यामुळे कन्सोल डिस्क नाकारतो. मूळ केबल हरवली की घरातली कुठलीतरी केबल लावली जाते आणि डिस्कलाच दोष मिळतो. दोन्ही भाग भरणारी यूएसबी ३.० केबल आणा. लांबी अर्धा मीटरच्या आत ठेवा, लांब केबलीत करंट पडतो.

मग पोर्ट (प्रश्न ५). यूएसबी हब मध्ये असेल तर काढा. प्लेस्टेशन हबमधून एक्स्टेंडेड स्टोरेज घेतच नाही.

मग वीज. डिस्कमधून टक्-टक् आवाज येऊन ती परत परत चालू-बंद होत असेल तर तिला पुरेसा करंट मिळत नाही किंवा ती आतून गेलेली आहे. यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो. दुसऱ्या पोर्टवर आणि कॉम्प्युटरवर लावून बघा. सगळीकडे टक्-टक् असेल तर डिस्क गेली.

यातलं काहीच नसेल तर डिस्कवर आधीची विचित्र विभागणी किंवा पासवर्डचं कुलूप असू शकतं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्कचं हमखास असं होतं. तेव्हा मात्र कॉम्प्युटर लागतो, प्रश्न १५ मधल्या पद्धतीने डिस्क कोरी करा आणि मग कन्सोलला लावा.

१०. खेळता खेळता करंट गेला. आता चालू केलं की ‘रिपेअर’ म्हणतो. डिस्क गेली काय?

शक्यतो नाही. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज गेली की नोंदी अर्धवट राहतात आणि कन्सोल त्या तपासून जुळवतो. पीएस४ आधी सांगतो की कंट्रोलर केबलने जोडा आणि पीएस बटण दाबा. तसं करा आणि त्याला त्याचं काम करू द्या. मोठ्या डिस्कला वेळ लागतो. कंटाळून मधेच बटण दाबणं हाच खरा धोका. रिपेअर झालं नाही तर परत फॉर्मेट करून गेम उतरवावे लागतील, सेव्ह सुरक्षित असतात (प्रश्न ८).

लाइट जाऊन दुसऱ्या सेकंदाला येते आणि परत जाते, ते सगळ्यात वाईट. अशा वेळी मेन स्विच बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच बघा. बहुतेकांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन मोड असतात. नॉर्मलवर पंख्या-दिव्याला फरक कळत नाही, पण बदलाला जो क्षण लागतो तेवढ्यात कन्सोल बंद पडू शकतो. यूपीएसवर ठेवा. फक्त गेमसाठी कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस घ्यायचा तर टीव्ही आणि कन्सोल दोन्हींचे वॅट मिळवून घ्या. उद्देश तासभर खेळायचा नाही, पाच मिनिटांत नीट बंद करायचा.

गडगडाट सुरू झाला तर यूपीएस असला तरी प्लग काढलेलाच बरा.

११. डिस्क काढताना नुसती ओढली तर चालते काय?

कन्सोल पूर्ण बंद असेल तर चालते. केशरी दिवा म्हणजे रेस्ट मोड, म्हणजे तो बंद नाही. चालू कन्सोलवर पीएस४ ला ‘स्टॉप यूजिंग धिस एक्स्टेंडेड स्टोरेज’ आणि पीएस५ ला ‘सेफली रिमूव्ह’ दाबून मगच काढा.

१२. आमच्या गावात नेट अगदी हळू आहे. बेळगावात मित्राकडे डाउनलोड करून डिस्क घरी आणली तर गेम चालतील काय?

चालतील, आणि डिस्क घेण्याचं हे सगळ्यात चांगलं कारण आहे. हिशेब बघा. १० एमबीपीएसच्या नेटवर १०० जीबीचा गेम उतरायला बावीस तास लागतात, तेही नेट एकदाही न तुटता.

मित्राच्या पीएस४ ला तुमची डिस्क लावा, तुमच्या अकाउंटने लॉगिन करा, तुमच्या मालकीचा गेम डिस्कवर उतरवा, डिस्क प्रश्न ११ प्रमाणे काढा आणि घरी आणून तुमच्या कन्सोलला लावा. फॉर्मेट परत करायचा नाही. मित्राच्या कन्सोलवरून तुमचं अकाउंट काढून टाकायला विसरू नका. एक्सबॉक्सलाही हीच पद्धत.

हक्क अकाउंटबरोबर जातो, डिस्कबरोबर नाही. मित्राने विकत घेतलेला गेम त्याच्या अकाउंटशिवाय तुमच्याकडे उघडणार नाही. सीडीचा गेम असेल तर सीडी लागतेच. ‘गेम भरलेली हार्ड डिस्क’ म्हणून जे विकलं जातं ते साध्या कन्सोलवर चालत नाही.

१३. दोन डिस्क एकदम लावता येतात काय?

पीएस४ आणि पीएस५ ला एका वेळी एकच एक्स्टेंडेड स्टोरेज चालते. दोन बाळगता येतात, पण आळीपाळीने. एक्सबॉक्स वनला दोन लावता येतात.

१४. डिस्कवर पिक्चर ठेवून कन्सोलवर बघायचे आहेत.

मग गेमचा फॉर्मेट करायचाच नाही. कॉम्प्युटरवर एक्सफॅट करा. पीएस४ फॅट३२ आणि एक्सफॅट वाचतो, एनटीएफएस वाचत नाही. एक्सबॉक्स वन एनटीएफएसही वाचतो. फॅट३२ टाळायचं कारण म्हणजे त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क फॅट३२ होत नाही.

प्लेस्टेशनचं अपडेट पेन ड्राइव्हने करायचं तरी फॅट३२ किंवा एक्सफॅटच. फोल्डरची नावं रोमन कॅपिटल अक्षरांतच हवीत. एक अक्षर लहान पडलं तरी फाइल सापडत नाही.

१५. डिस्क परत कॉम्प्युटरसाठी हवी आहे. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नाही.

विंडोजमध्ये डिस्कपार्ट वापरा. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा आणि रोमन लिपीत एकेक ओळ टाइप करा: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. आलेल्या यादीत आकार बघून आपली डिस्क ओळखा. सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉर्मेट एफएस=एक्सफॅट क्विक, आणि शेवटी असाइन.

‘क्लीन’ काही विचारत नाही, एंटर दाबलं की पुसून मोकळं. क्रमांक शून्य ही बहुधा कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क असते. शंका असेल तर बाहेरची डिस्क काढा, यादी परत बघा आणि कुठला क्रमांक गायब झाला ते पाहा. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर ‘क्लीन’नंतर ‘कन्व्हर्ट जीपीटी’ टाका, नाहीतर वरची जागा दिसत नाही.

१६. १ टीबी घेतली, दाखवतो ९३१ जीबी. दुकानदाराने फसवलं काय?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. फॉर्मेटने जागा गेलेली नसते.

१७. निन्टेन्डो स्विचला लावायची आहे.

स्विच बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेम ठेवत नाही, मायक्रोएसडी कार्ड घ्या. स्विच २ ला तेही साधं चालत नाही, गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. दुकानात ‘एक्सप्रेस’ हा शब्द पाकिटावर वाचूनच पैसे द्या. पीएस३ वापरणाऱ्यांनाही इथेच सांगून टाकतो: त्याला बाहेरची डिस्क फक्त फॅट३२ आणि पिक्चर-गाण्यांसारख्या फाइलींपुरती, गेम बसवायला नाही.

१८. बंद लॅपटॉपची हार्ड डिस्क पडून आहे. केसिंग घालून वापरू काय?

वापरा, पण आधी तिची तब्येत बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो मोफत मिळतं. त्यात ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांची मोजणी) या दोन ओळींचा कच्चा आकडा शून्य असेल तर ठीक. सी५ वाढत असेल तर ती डिस्क गेमलाही नको, रिपेअरच्या चक्रात अडकाल. केसिंग यूएसबी ३.० चंच मागा, आतली प्लास्टिकची जीभ बहुधा निळी असते. जुन्या डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असतात, ७ मिलिमीटरच्या केसिंगात त्या बसत नाहीत. डिस्क बरोबर घेऊनच दुकानात जा आणि तिथेच बसवून बघा.